लालीच्या गोष्टीची दुसरी सीडी

पुण्याची माणसं काश्मीरला जातात, केरळला जातात, फारच हात सैल असला तर सिंगापूरला जातात आणि परत आल्यावर आपल्याला घरी बोलावून तीनशे फोटो दाखवतात. मी भोकरदन तालुक्यात जाऊन आले, तर एकाही माणसाने फोटो मागितला नाही. ‘तिकडे काय आहे?’ एवढंच सगळ्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता विषय बदलला. तेव्हा आता लिहूनच सांगते.

आधी जाण्याचं कारण. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि आमच्या भागातल्या फिल्म क्लबची चिटणीस. सभासद अकरा, त्यांतले चौघे चहापुरते. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर आम्ही एक चिनी चित्रपट पाहिला. तलवारी घेऊन माणसं हवेत उडतात, छपरांवरून पळतात, तळ्यातल्या पाण्यावर पाय टेकून पुन्हा उडतात, त्या जातीचा. पाहून झाल्यावर रीतीप्रमाणे चर्चा झाली. एका सभासदांनी ‘अवकाशाचं काव्य’ हे शब्द सात वेळा उच्चारले; मी मोजत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मीही ‘रंगांची भाषा’ वगैरे काहीतरी बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ही गंमत मी प्रमिलाला पत्रात कळवली. प्रमिला माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, आता जाफराबादच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिचा फोनच आला.

“वसू, नदीतून नाव चाललीय, पोरगी वल्हं मारतीय, तिथून सुरू होतो तोच का गं? अगं, तो पिच्चर माझ्या सासरी दोन वर्षांपासून चालू आहे!”

तिचं सासर पिंपळगाव रेणुकाईपासून दोन कोसांवरच्या एका गावात. गावाचं नाव लिहू नका असं गावानेच मला बजावलंय, पुढे का ते कळेल. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या विहारात दर एक रविवार सोडून हा चित्रपट लागतो. लावणार प्रमिलाचे सासरे, किसनबाबा. पण वस्तीकडे फक्त पहिली सीडी. जालन्याच्या बाजारातून ज्याने आणली त्याने डबी उघडून पाहिली नव्हती. दुसऱ्या सीडीची जागा रिकामीच होती. बोलणं सगळं चिनी, ते कोणाला कळणार? म्हणून किसनबाबा माईक घेऊन टीव्हीशेजारी उभे राहतात आणि चित्र पुढे सरकेल तसं मराठीत सांगतात. नायिका जखमी होऊन तळ्यात पडते तिथे सीडी संपते. मग टीव्ही बंद करायचा आणि उरलेली अर्धी गोष्ट बाबांनी तोंडी सांगायची.

“पण आता त्यांचा घसा गेलाय,” प्रमिला म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, आवाज चढवायचा नाही, नाहीतर आहे तोही जाईल. म्हणून वस्तीने ठरवलं, दुसरी सीडी आणायची, म्हणजे बाबांना बोलायला लागणार नाही. तू आण. आणि घेऊन तूच ये, पोस्टाने नको, फुटते.”

मी फूटपाथवरून दोन सीड्यांचा पूर्ण संच घेतला. तो चोरून छापलेला होता हे मला ठाऊक होतं. फिल्म क्लबच्या चिटणीसबाईंनी हे लिहू नये, पण लिहिलं.

जालना, शुक्रवार

रात्रीचा मुक्काम जालन्यातच होता; एसटीतून उतरल्यावर अंधार पडायला दोन तास होते. बसस्टँडबाहेर मोसंबीचा रस प्याले. पुण्यात मोसंबीचा रस आजाऱ्याला देतात, इथे उभ्या उभ्या धडधाकट माणसं एकामागून एक तीन ग्लास रिचवतात आणि मिशा पुसून कामाला लागतात. मीही दोन घेतले.

मग एका सीडीच्या दुकानात शिरले. मला उगाच अभ्यासूपणाची खाज. दुकानदार पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, समोर सीड्यांच्या दोन पेट्या. मी विचारलं, “चिनी पिक्चर आहेत का?”

“उडनेवाले पाहिजे का बिगर-उडनेवाले?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

आमच्या क्लबात या प्रकारच्या वर्गीकरणावर एक सबंध संध्याकाळ गेली होती आणि निष्पन्न काही झालं नव्हतं. इथे दोन पेट्यांत काम झालेलं. मी उडणारे मागितले.

“उडनेवाला घरी बसतच न्हाई बाई,” ते म्हणाले. “आज नेला की चार गावं फिरून येतो, येताना सगळा खरचटून येतो. बिगर-उडनेवाला दहावीतली पोरं नेतेत, कराटे शिकायला. उडनेवाला बायका नेतेत, म्हातारे नेतेत, अंबडच्या कोर्टातले वकीलसाहेब नेतेत.”

“वकील कशाला?”

“दिवसभर तारीख पे तारीख. मंग घरी जाऊन पाहतेत, तलवार काढली की निकाल लागला.”

मी वहीत हे लिहून घेतलं. चित्रपटांवरच्या लेखांत मी यापेक्षा बरं काही फारसं वाचलेलं नाही.

राजूरमार्गे, शनिवार

भोकरदनची एसटी वेळेवर सुटली, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरून सुटली. मग काळीपिवळी जीप. पुढे ड्रायव्हर धरून पाच, मध्ये सहा, मागे किती ते मागच्यांनाच माहीत. माझी पिशवी कोणीतरी उचलून वर दिली, वरच्याने आणखी वर दिली आणि ती टपावर कांद्याच्या पोत्याखाली गेली. तीत सीडीची डबी होती. मी ओरडले, “अहो, त्यात काच आहे!” काच नव्हती, पण ‘सीडी’ म्हटलं असतं तर कोणी हललं नसतं.

जीप थांबली, पिशवी खाली आली, आणि मी ती मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरने आरशातून पाहून विचारलं, “काय हाये एवढं?”

मी सांगितलं. जीपमध्ये एकदम जीव आला. निम्म्या लोकांनी तो पाहिलेला होता, आणि निम्म्यांनी तो ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ऐकलेला होता. मी माझा प्रश्न टाकला: आवडतं काय त्यात?

“रस्ता लागत न्हाई त्येंला,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याच क्षणी एका खड्ड्याने आम्हा सगळ्यांना अर्धी वीत उडवलं. “पाहा. आपल्याला बी उडता येतं, फक्त खाली येताना लागतं.”

मागून एक म्हातारे बोलले, “त्या पिच्चरमधी कोणी काम करीत न्हाई. समदे तलवारी घिऊन फिरून राह्यले. जवारी कोण काढतं, भांडी कोण घासतं, काई पत्ता न्हाई. मला तेच आवडतं. दोन घंटे कोणी काम करताना दिसत न्हाई.”

राजूरच्या गणपतीला जीपमधूनच हात जोडून झाले. भोकरदनला प्रमिला घ्यायला आली होती. वीस वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते आणि माझे काळे. मी रंगवते, ती रंगवत नाही. ती पहिलं वाक्य बोलली ते, “सीडी कुठाय?”

सीडी डब्यात होती, म्हणजे चकलीच्या डब्यात. पिशवीत सुरक्षित राहावी म्हणून मी सीडीची डबी चकल्यांमध्ये खोचली होती, आणि ती वाटेत उघडून दोन्ही सीड्यांना खमंग तेल लागलं होतं. प्रमिलाने तिथेच स्टँडवर पदराने त्या पुसल्या आणि चकलीही खाल्ली.

दुपारी त्यांच्या शेतात हुरडा होता. जानेवारीतली कोवळी ज्वारी, गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारली की हिरवे दाणे उरतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पुण्याजवळ हल्ली हुरडा पार्टीला माणशी तिकीट असतं, शिवाय बैलगाडीची चक्कर आणि उंटही असतो. इथे उंट नव्हता. कौसाबाई होत्या. कापूस वेचून दोन्ही हातांची बोटं कायम चिरलेली, पन्नाशीच्या बाई, वस्तीतल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या. त्या कणसं चोळून माझ्या हातावर दाणे ओतत होत्या आणि मी ‘पुरे’ म्हटलं की जास्त ओतत होत्या.

“तुम्हाला का आवडतो हो तो पिच्चर?” मी विचारलं.

“तिचा झगा पाह्यला का तुमी?” कौसाबाई म्हणाल्या. “जमिनीवर लोळणारा. त्यात ती पळती, उडती, चार चार गड्यांना हाणती, आन एकदाबी झगा पायात येत न्हाई. मी वावरात नववारी खोचून जाते तरी दिवसातून दोनदा पडते.” आणखी दाणे ओतत त्या म्हणाल्या, “आन तिला कोणी म्हणत न्हाई, घरी कदी येतीस.”

किसनबाबा जरा लांब बाभळीखाली बसले होते. सत्तरीच्या पुढचे, बारीक, गळ्याभोवती मफलर. तरुणपणी आंबेडकरी जलशात गात होते, गावोगावी पायी हिंडून. आता त्यांचा आवाज म्हणजे जुन्या दाराची बिजागरी. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, “दुसरीत लाली जगती ना?”

चित्रपटातल्या नायिकेला त्यांनी दिलेलं नाव लाली. मी म्हटलं, “जगते.”

“मंग बराबर.” त्यांचा चेहरा सैल झाला. “म्होरचं सांगू नका. मी बी समद्यांसंगं पाहीन.”

मग मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. खरं तर पुण्याहून निघाले ती यासाठीच. ते काडीने माती उकरायला लागले.

“मॅडम, मी हिंदी पिच्चर बी लई पाह्यले,” ते म्हणाले. “तिथं हीरो गरीब असला तरी त्याचं आडनाव मोठं असतं. हे चिनी लोक भेटले की पहिलं काय इचारतेत, ठाऊक हाये? तुझा गुरू कोन. तू कोणतं शिकलास. कुठल्या गल्लीतला, कोणाचा, बिलकुल इचारत न्हाईत. लाली नावाड्याची पोर. शिकली, म्हणून उडाली. बस, एवढाच पिच्चर हाये.”

मी हेही वहीत लिहिलं. तेव्हा मला काहीतरी आठवायला हवं होतं, पण आठवलं नाही. तोंडात हुरडा होता.

विहार, रविवार दुपार

त्या आठवड्यात गावात वीज दुपारी बारा ते दीड येत होती, पुढच्या आठवड्यात पहाटे येणार होती. म्हणजे खेळाची वेळ वीज मंडळ ठरवतं. सकाळी न्याहारीला प्रमिलाने ‘सुशीला आहे’ म्हटलं तेव्हा मी पाहुण्या बाईंची वाट पाहत बसले. समोर आले ते भिजवून फोडणी घातलेले मुरमुरे. फार चवदार.

विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केलेला. मूर्तीच्या डाव्या अंगाला टीव्ही. साठ-सत्तर माणसं, पुढे बायका. वंदना झाली आणि त्याच माईकवर किसनबाबांनी सुरुवात केली. एका हातात माईक, दुसऱ्या हातात रिमोट. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की चिनी आवाज कमी करून स्वतः बोलायचं, तलवारी निघाल्या की चिनी आवाज मोठा करायचा. आवाज फाटका होता, पण वेळ एकदाही चुकली नाही.

हा चित्रपट मी पाहिला होता असं मला वाटत होतं. खलनायक लांब दाढीचा सुभेदार, त्याचं इथलं नाव तहसीलदार. त्याचे शिपाई म्हणजे तलाठी. गावाचं नाव का लिहायचं नाही, ते इथे कळलं असेल. डोंगरावर विद्या शिकवणारी म्हातारी म्हणजे मावशी. तहसीलदाराने तळ्यावर पहारा बसवलाय, नावाड्यांनी त्या पाण्याला शिवायचं नाही. मला मूळ चित्रपटातलं तळं फक्त निळंशार म्हणून लक्षात होतं, आणि त्या निळ्यावर मी दहा मिनिटं बोललेही होते. त्याच्यावर बंदी होती हे मी विसरले होते.

खाणावळीतल्या मारामारीत चहाचे कप फुटायला लागले तशी मागून एक आवाज आला, “कोण भरून देणार?” आणि सगळे हसले, हा प्रश्न दर खेपेला येतो म्हणे. मठातली मोठी बुद्धमूर्ती पडद्यावर आली तेव्हा सत्तर जोड हात जुळले आणि ‘साधू, साधू, साधू’ झालं. मठातला एक भिक्खू चित्रपटात चक्क दारुडा आहे, कमरेला दारूचा भोपळा लावून फिरतो. पहिल्याच खेळाला म्हाताऱ्यांनी हरकत घेतली होती. तेव्हापासून भोपळ्यात काढा आहे आणि भिक्खूला संधिवात आहे, म्हणून तो झोकांड्या देतो. आमच्या क्लबात त्या भोपळ्याला कोणीतरी प्रतीक म्हणालं होतं. संधिवात जास्त पटतो.

आणि लाली उडाली की बाबा जलशाच्या चालीवर एक ओळ उचलायचे, बायका झील धरायच्या, ‘उडाली गं, उडाली!’ पत्रे दणाणले. मीही झील धरली, बेसूर, आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही.

सव्वा तासाने लालीच्या उजव्या हाताला बाण लागला, ती तळ्यात पडली, पडदा निळा झाला. पाच मिनिटांत वीजही गेली. गोधड्या काढल्या, ऊन आत आलं. दुसरी सीडी उद्या, सव्वीस जानेवारीची सुट्टी होती, झेंडावंदनानंतर. पण लोक उठेनात.

“शेवटचं एकदा सांगा बाबा,” कौसाबाई म्हणाल्या. “हळू सांगा. आमी गप बसतो.”

बाबा बिनमाईकचे सांगायला लागले. इतक्या बारीक आवाजात की लोक गुडघ्यांवर पुढे सरकले. लालीला नावाड्यांनी पाण्यातून काढलं. उजवा हात गेला. मग ती डाव्या हाताने शिकली, तीन पावसाळे. डोंगरावर परत गेली, दारवानाने विचारलं, तू कोणाची? ती म्हणाली, नावाड्याची, आणि उडायला मी शिकले. मावशीने दार उघडलं. शेवटी तहसीलदार तिच्या तलवारीखाली आला, पण तिने त्याला मारलं नाही. त्याच्या देखत ती तळ्यात उतरली आणि ओंजळीने पाणी प्याली. तिच्यामागून सगळे नावाडी उतरले.

ओंजळीचं सांगताना बाबांनी स्वतःची ओंजळ तोंडाशी नेली. आणि तिथे, भिंतीला टेकून बसल्या जागी, मला दुसरी सीडी आठवली.

दुसऱ्या सीडीत लाली नावाड्याची नाहीच. तहसीलदार तिच्या गळ्यातला हिरव्या दगडाचा अर्धा तुकडा पाहतो, आपल्या कमरेचा अर्धा तुकडा काढतो, आणि दोन्ही जुळतात. ती त्याची हरवलेली मुलगी, राजघराण्यातली. मग मावशी म्हणते, आणि खाली इंग्रजीत अक्षरं येतात: मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, नावाड्याच्या मुलीला का कधी उडता येतं? आम्ही अकरा जणांनी त्या प्रसंगावर अर्धा तास घालवला होता. मावशीच्या मागच्या पडद्याचा रंग शेंदरी की तांबडा यावर. ते वाक्य आमच्यातल्या एकालाही खुपलं नव्हतं. मलाही नाही. ते वाक्य मी चकलीच्या डब्यात घालून इथे आणलं होतं.

मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी प्रमिलाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. “सीडी चालत नाही म्हणू या. तेल लागलं म्हणू. लागलंच आहे.”

“मी दगडावर घासते,” मी म्हणाले. मी ग्रंथपाल आहे, पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला दंड करते. पण त्या वेळी खरंच घासली असती. बाबांची गोष्ट दोन वर्षं उभी होती आणि मी ती पाडायला एसटीचं तिकीट काढून आले होते. सीडी लागली नाही तर आवाज जाईपर्यंत त्यांनाच बोलावं लागणार. लागली तर सगळ्यांदेखत ते खोटे ठरणार.

“त्यांना विचारू,” प्रमिला शेवटी म्हणाली. “त्यांच्यावाचून आपण ठरवणाऱ्या कोण?”

बाबा ओट्यावर गरम पाणी पीत बसले होते. मी सांगितलं. दगडाचे तुकडे, मावशीचं वाक्य, सगळं. त्यांनी एकदाच विचारलं, “मावशी असं म्हणती?” मी हो म्हटलं.

“पुढची गोष्ट मी केल्ती,” ते म्हणाले. “मला कुठं ठाऊक त्यात काय हाये? लोकांना वाटतं, चीनमधून आली.”

“मग नका लावू. कोणाला कळणार नाही.”

“तुमाला कळलं ना? मला कळलं ना?” त्यांनी पेला खाली ठेवला. “म्या दोन साल ह्या लोकांना सांगितलं, तळं अडवू नका. आन आता मीच सीडी अडवून ठिवू? मंग मी बी तहसीलदारच की. लावा उद्या. जे हाये ते पाहतील, आन मी खरं काय ते सांगीन.”

सोमवार, सव्वीस जानेवारी

झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी मिळाली, मलाही मिळाली. बाराला वीज आली. विहारात कालच्यापेक्षा जास्त गर्दी, मराठा आळीतली दहा-पंधरा माणसंही येऊन दारात बसलेली. दुसरी सीडी आत गेली. मी मनात म्हणत होते, अडक. चकलीचं तेल कधी नव्हे ते कामाला ये. ती लोण्यासारखी चालली.

आज ठरल्याप्रमाणे बाबांनी बोलायचं नव्हतं. ते टीव्हीशेजारी खाली बसले होते, माईक मांडीवर. लाली तळ्यातून निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उजवा हात शाबूत होता, तिथे थोडी कुजबुज झाली. मग तो प्रसंग आला. तहसीलदाराने कमरेचा अर्धा तुकडा काढला, लालीच्या गळ्यातल्या तुकड्याला लावला, दोन्ही जुळले आणि मागे बासरी वाजली. असे जुळलेले तुकडे, लॉकेटं आणि अर्धे फोटो पाहत मोठ्या झालेल्या माणसांना चिनी भाषा यायची गरज नव्हती.

“आरं तिच्या,” दारातून कोणीतरी म्हणालं, “त्याचीच पोर निघाली.”

बाबांनी रिमोट दाबला. पडदा थांबला, बाप-लेक दगड धरून उभे. बाबा उठले, माईक तोंडाशी नेला, पण आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला.

“खरा पिच्चर हाच हाये,” ते म्हणाले. “मी जे सांगत आलो, ते मी मनानं रचेल व्हतं. त्यात तळं खुलं होत न्हाई, ओंजळ न्हाई. ती म्हातारी म्हणती, राजाची होती म्हणून उडली. तुमाला दोन साल खोटं सांगितलं. माफी करा.”

मला वर पाहवेना. प्रमिलाने माझा हात धरला होता आणि तिची नखं रुतत होती.

“बाबा,” कौसाबाईंचा आवाज आला, “तुमी रचली ते आमाला ठाऊक हाये.”

बाबांनी माईक खाली घेतला.

“दिवाळीला लाली घोड्यावरून आल्ती. मंग भीमजयंतीला पायी आली. एकदा तीन पावसाळे, एकदा सात. पिच्चर काय दर येळेला बदलत असतो का? आमी काय येडे हावोत?” सगळा विहार हसला. “चांगली व्हती म्हणून ऐकत व्हतो.”

“मंग ही सीडी कामून मागवली?”

“तुमचा घसा ऱ्हावा म्हणून. आमाला काय म्हायती, हे असलं निघंल.” कौसाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, दुकानदारानं फसवलं तुमाला. थोबाड तेच हाये, पण पोरगी दुसरी हाये. बदलून मिळत असंल तर पाहा.”

दारातला एक जण म्हणाला, “पुण्यात असंच देतेत.” मी मान्य केलं. काय करणार?

पण प्रश्न तसाच राहिला होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता. बाबा माईक धरून उभे, गळ्याची शीर ताठलेली, आता पुढचं कोण सांगणार? त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. ते खोकायला लागले. कोणीतरी पाणी दिलं.

कौसाबाई उठल्या. पदर खोचला, पुढे आल्या, टीव्हीचं बटण बंद केलं. बाप-लेक गेले. मग त्यांनी बाबांच्या हातातून माईक काढून घेतला, अगदी हळू, झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खुळखुळा काढावा तसा. माईक उलटा धरला होता. कोणीतरी सांगितलं, मग सुलटा केला.

“तर लाली पडली पाण्यात,” त्या म्हणाल्या आणि स्वतःचाच मोठा झालेला आवाज ऐकून दचकल्या. पुन्हा सुरुवात केली. “लाली पडली पाण्यात. उजवा हात कामातून गेला. नावाड्याच्या बायकोनं तिला काढली. म्हणली, पोरी, एका हातानं बी वेचता येतं. हळू वेचलं जातं, पण वेचता येतं...”

नावाड्याच्या बायकोचं बाबांच्या गोष्टीत नावही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायका सरकून बसल्या, मध्ये थोडी जागा झाली, तिथे बाबा बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते लोकांत बसून, त्यांच्याकडे तोंड न करता, समोर बघत होते. समोर बंद टीव्ही आणि कौसाबाई. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. मग राहवलं नाही. हात वर करून, आहे तेवढ्या आवाजात म्हणाले, “कौसे, चुकलीस. आधी दारवान येतो, मंग—”

“गप बसा बाबा,” कौसाबाई माईकमधून म्हणाल्या. “पिच्चर चालू हाये.”